नेमकी किंमत

बायको गेल्याचं सरांना कळलं ते वर्गात, अकरावीच्या पोरांसमोर.

फळ्यावर एकक त्रिज्येचं वर्तुळ होतं. दीडशे अंशांचा कोसाइन काढायला उभी केलेली मुलगी ०.८७ लिहून मोकळी झाली होती.

"बिंदू केंद्राच्या कुठल्या बाजूला गं?"

"डावीकडे."

"मग उणे चिन्ह कोणी खाल्लं? आणि हे सत्त्याऐंशी वाण्याकडून तोलून आणलंस का? मला नेमकी किंमत हवी. अंदाजपंचे नको."

वर्ग खिदळला. मुलीचे डोळे भरले.

"रडून उत्तर येत नाही. लंब टाक. आता चुकलीस तर नियम ठाऊक आहे, चुकेल तो बाहेर."

खिशातला फोन पुन्हा थरथरला. बायकोचा भाऊ होता. सकाळपासून तोच इस्पितळात तिच्यापाशी बसला होता. या वेळी सरांनी उचलला.

"भावोजी, ताईचं जरा... तुम्ही निघा बघू."

"जरा म्हणजे? नेमकं बोल."

"या तर आधी."

"गोल गोल फिरवू नकोस."

मग तो म्हणाला, "गेली. मघाशीच. हे कुठवर आलेत, विचारत होती. मी म्हणत होतो, जिन्यात आहेत. झालं नेमकं?"

सरांनी फोन खिशात ठेवला.

"सर, आलं!" मुलगी वळली. तिने लंब टाकून तीस अंशांचा त्रिकोण पाडला होता. "उणे वर्गमूळ तीन छेद दोन. बरोबर ना?"

"बरोबर."

"पुढचा?"

सरांनी खडू घेतला. दोनशे दहा अंश मोजले. बिंदू आता खाली गेला, पण डावीकडेच. त्यांनी लंब टाकला आणि लिहिलं, वर्गमूळ तीन छेद दोन. उणे नाही.

आधी कुजबुज झाली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर चुकले! चुकेल तो बाहेर!"

हा सरांचाच नियम. अख्ख्या वर्गाने बाकं बडवायला सुरुवात केली. "बाहेर! बाहेर!" मघाची मुलगी सगळ्यांत मोठ्याने.

सरांनी खडू ठेवला आणि खरंच दाराबाहेर जाऊन भिंतीशी उभे राहिले. सर एवढे गमतीशीर असतील असं कोणाला वाटलं नव्हतं. पोरं हसून लोळली.

तास संपल्याची घंटा झाली, तरी सर तिथेच होते. इस्पितळात जायचं अजून राहिलंच होतं.