हिरवा चौकोन

कॅमेऱ्याची नळी आत घालून तपासताना आतड्यात गाठ दिसली की संगणक पडद्यावर तिच्याभोवती हिरवा चौकोन काढायचा. डॉक्टर निनाद शेजवळ त्या चौकोनाच्याच भरवशावर शिकला होता. आज सकाळपासून संगणक बंद होता, म्हणून तो नुसत्या डोळ्यांनी तपासत होता.

सहाव्या पेशंट मालनसिस्टर, याच खोलीत तीस वर्षं राबून निवृत्त झालेल्या. भूल नको म्हणाल्या होत्या. कुशीवर पडून त्याही पडदा बघत होत्या.

"स्वच्छ आहे सगळं," निनाद म्हणाला.

"डॉक्टर, नळी जरा परत आत घ्या. हं. ही बघा."

"कुठे?"

सिस्टरनी हात लांबवून काचेवर बोटाने चौकोन काढला. तेव्हा कुठे त्याला गाठ दिसली.

सकाळच्या पाचही जणांना त्याने 'निर्धास्त राहा' म्हणून घरी पाठवलं होतं.