ओमुरबेकची धाकटी लेक

पत्त्याच्या चौकटीत एवढंच लिहिलं होतं : ‘बिश्केक शहर. ओमुरबेकची धाकटी लेक. कुणालाही विचारा.’

शेजारच्या खुर्चीवरची साल्किन ते वाचून खुदकन हसली. या आजोबांना शहर म्हणजे आपलं कुरणच वाटतंय, म्हणाली. घोड्यावरून हाक मारली की लेक तंबूबाहेर येईल.

कुमुशाय हसली नाही. मागणी लाल काठाच्या रजयांची होती, गाद्यांची, उशांची आणि एका लोकरी गालिच्याची. म्हणजे नवरीचं रुखवतच. मागवणाऱ्याचं गाव अत-बाशीच्या वरचं होतं. त्या गावात ओमुरबेक नावाचा माणूस एकच होता, आणि त्याची धाकटी लेक इथे संगणकाच्या पडद्यासमोर बसली होती.

कंपनीत ती आणि साल्किन एकदमच लागल्या होत्या. कंपनीला दुकान असं नव्हतंच. डोंगरातल्या बायकांनी शिवलेलं, विणलेलं सगळं फोनवर विकलं जायचं आणि गिऱ्हाइकाचं तोंड कधी दिसायचं नाही, दिसायची ती त्याची अक्षरं. त्यातल्या तक्रारींना उत्तरं द्यायचं काम या दोघींकडे होतं. महिनाभर पारखून मग नोकरी पक्की होणार होती. त्यांच्यावरच्या मीरगुल एजे, म्हणजे मीरगुलताई, रोज संध्याकाळी प्रत्येक उत्तर वाचायच्या, बोलायच्या मात्र मोजकंच.

वडिलांनी ज्या घरी शब्द दिला होता तिथे न जाता कुमुशाय तीन वर्षांपूर्वी आपल्या आवडीच्या तालान्तबरोबर निघून आली होती. उंबऱ्यात उभं राहून वडील म्हणाले होते, हे दार तुला बंद. तीही त्यांचीच लेक. तिने फोनचा नंबर बदलला, पत्ता कुणाला कळू दिला नाही. सासरी भिंतीशी पेटी होती, पण पेटीवर माहेरच्या रजयांची चळत नव्हती. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ‘आमची सून वाऱ्यावर बसून आली हो, ओझं कसं आणणार?’

नियम सरळ होता. पत्ता अपुरा असेल तर मागणी रद्द. कुमुशायने बिस्मिल्ला म्हणून बोटं ठेवली खरी, पण ती अडली. आणखी एक ओळ लिहिता आली असती. तेवढ्यात तो उंबरा आठवला आणि तिने नियमातलं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्या दुपारी तिला जेवण गोड लागलं. नंतर कितीतरी दिवस त्या गोडीचीच तिला लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मजकूर आला. ‘बाळ, लेकीचा पत्ता माझ्याकडे असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? तुमची माणसं दारोदार जातात. कुठल्या तरी दारात ती उभी असेल. डाव्या भुवईवर व्रण आहे, लहानपणी घोड्यावरून पडली होती.’

कुमुशायचा हात आपसूक भुवईवर गेला. या वेळी तिने नियम बाजूला ठेवून तब्येत विचारली, गुडघे दुखतात का विचारलं.

उत्तर आलं, की खिंडीत बर्फ पडलाय, थोरल्याला मेंढरं खाली आणायला पाठवलंय, रजया लवकर पोचवा, लेक थंडीत निजत असेल. गुडघ्यांबद्दल अक्षर नाही. कुमुशायला त्याचं नवल वाटलं नाही; जन्मभर त्यांनी कुणाचं ऐकून घेतलं होतं? खिडकीबाहेर चिनारांची पानं अजून पिवळी व्हायची होती, पण वर बर्फ लवकरच येतो.

मग तो मजकूर आला.

‘दार मी बंद केलं होतं, पण कडी लावली नव्हती. वाटलं, ढकलून येईल. तिची आई होती तेव्हा शिवायला घेतलेल्या रजया अर्ध्याच राहिल्या. माझ्याने शिवणं होत नाही, म्हणून विकतच्या पाठवतोय. राग धरू नकोस म्हणावं.’

कुमुशाय उठली. कोपऱ्यात जाऊन दुपारचा नमाज पढली. परत आल्यावर तिने वडिलांना लहानपणच्याच हाकेने एका दमात लिहिलं : ‘अताके, तुमची लेक सापडली.’ खाली गल्ली, घर, मजला, फोन, सगळं लिहिलं. ‘रजया नकोत. मीच येते, या शुक्रवारी. दार तसंच ठेवा.’

गिऱ्हाइकाशी घरगुती लिहिलं तर नोकरी जाते, अशी साल्किनने तिला आठवण करून दिली. जाऊ दे, असं कुमुशाय म्हणाली, आणि तेही हसून. सासूलाही बरोबर नेईन म्हणाली, बघू देत तरी ओझं कसं असतं ते.

संध्याकाळी मीरगुल एजेंनी तिला आत बोलावलं. त्यांनी चहा ओतला आणि तो तसाच राहू दिला. कुमुशाय आपणहूनच म्हणाली, ‘एजे, नियम मोडला, कबूल आहे. पण ते माझे वडील आहेत.’

 मीरगुल एजेंनी उठून दार लोटून घेतलं.

‘नव्या मुलींना आम्ही जुन्याच तक्रारी देतो गं. सांगत नाही, कारण सांगितलं की कुणी मन लावून लिहीत नाही. तुमची उत्तरं माझ्यापलीकडे कुठे जात नाहीत.’

‘जुन्या म्हणजे?’

‘गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातल्या.’

कुमुशायने पेला दोन्ही हातांनी धरला. ‘मग तेव्हा त्यांना काय उत्तर गेलं?’

‘तू पहिल्या दिवशी लिहिलंस तेच. दर वेळी.’

‘आणि नंतर?’

‘नंतर त्यांच्या थोरल्या मुलाने लिहिलं,’ मीरगुल एजे म्हणाल्या. ‘विचारत होता, वडिलांच्या मातीनंतरच्या चाळिसाव्या दिवसाला धाकट्या बहिणीला बोलवायचंय, तिचा पत्ता लागला का.’