शुक्रवारची खुर्ची

“आई, मला खायला सगळ्यात जास्त काय आवडतं? सांग बघू.”

हे खूळ मैत्रिणींचं. शाळेच्या गेटवर पैज लागली होती: घरी जाऊन विचारूनच दाखव, आईला सांगता आलं नाही तर सोमवारी प्रार्थनेनंतर माइकवर कोंबड्यासारखं आरवायचं. परवाच वक्तृत्वात पहिली आलेली ताई आता कशाला मागे हटते! टाळी देऊन आली होती.

आईने एक बोट वर केलं. थांब. तिच्या कानाला फोन होता आणि फोनवर धाकट्या पिल्लूच्या वर्गाच्या बाई.

“नाही मॅडम, वेगळ्या बाकावर नाही बसवायचं त्याला. शेंगदाणा त्याच्या जिवावर बेततो, मान्य. पण म्हणून त्याने शिक्षा का भोगायची? बाकीच्यांनी डबा खाल्ला की साबणाने हात धुवायचे, बस्स. हो, मी येते ना सोमवारी. परत समजावते मुलांना. पण लांब नाही बसवायचं.”

ताई ओठ मुडपून ऐकत होती. काय आवाज लागतो हिचा! मुख्याध्यापक, बसवाले काका, वाढदिवसाला बोलावणाऱ्या आया, कुणाला म्हणून सोडलं नव्हतं तिने पिल्लूसाठी. आणि वक्तृत्वाच्या दिवशी? “अगं, नेमकी आजच त्याची डॉक्टरांची वेळ आहे गं.” कधी कधी ताईला वाटायचं, आपल्यालाही काहीतरी व्हावं. फार नको. अंगावर थोडं पित्त उठलं तरी पुरे.

मुकाट्याने तिने टेबलावर ताटं मांडली, वाट्या मांडल्या, चमचे मांडले.

पिल्लू आला. ताईच्या शेजारच्या खुर्चीकडे त्याने एकदा पाहिलं, आणि सगळ्या टेबलाला वळसा घालून आईच्या पलीकडे, पार भिंतीला चिकटून बसला. शुक्रवार आला की ह्याचं हे असंच. एरवी ताईच्या गळ्यात लोंबकळणारं पोर, शुक्रवारी आईचं शेपूट.

“या, राजे,” ताई पुटपुटली. “सिंहासन गरमच आहे.”

आई फोन ठेवून बसली. “हां, काय म्हणत होतीस?”

ताईने प्रश्न पुन्हा विचारला. यावेळी जरा जोरात.

“इश्श, हे काय विचारणं झालं? टोमॅटोचं सूप.”

“ते पिल्लूला आवडतं.”

“मग... बटाट्याचे काप? कुरकुरीत?”

“तेही त्यालाच, आई.”

“हिला ना, पुढ्यात येईल ते आवडतं,” बाबा हसत म्हणाले. “ताट असं लख्ख करते, की घासायचंही काम नाही.”

आईचा चमचा सुपात नुसताच फिरत राहिला. पैज हरल्यावर करायचा ड्रामा ताईने वाटेतच ठरवून ठेवला होता, पण आता तिने नुसतीच वाटी पुढे ओढली.

“मला माहितीये,” भिंतीकडून आवाज आला. “शेंगदाण्याचं चॉकलेट. सोनेरी कागदातलं.”

बाबांचा घास हातातच राहिला.

“कागद तिच्या दप्तराच्या छोट्या कप्प्यात असतो,” पिल्लू सूप फुंकत म्हणाला. “दर शुक्रवारी. म्हणून मी लांब बसतो.”

“आणि हे तू मला सांगितलं नाहीस?” आईचा आवाज अगदी खाली गेला होता.

“तू भांडली असतीस ना तिच्याशी. मग तिने खाल्लंच नसतं.” त्याने खांदे उडवले. “शुक्रवारी ती गाणं म्हणत घरी येते.”

आई उठली ती खुर्ची पाडूनच. पिल्लूचा चेहरा उजेडाकडे वळवून तिने त्याचे ओठ पाहिले, मनगटं पाहिली, गळ्यावर हात फिरवला. बाबा त्याला अशा वेळी टोचायचं इंजेक्शनचं पेन घेऊन धावत आले. आत्तासुद्धा सगळे त्याच्याचकडे, ताईच्या मनात आलंच. आणि मग तिची नजर त्याच्या चमच्यावर गेली. तिने मांडलेला चमचा ताटाच्या बाजूला तसाच पडला होता. सूप तो दुसऱ्याच चमच्याने पीत होता. स्वतः धुऊन आणलेल्या, अजून ओल्या असलेल्या.

“काही नाही झालेलं, आई. मी बघून खातो,” पिल्लू म्हणाला.

आई ताईकडे वळली. आता तोफ सुटणार म्हणून ताईने खांदे आवळले. पण आईने पडलेली खुर्ची सरळ केली आणि बसली. “आणि मी म्हणतेय, सूप,” एवढंच बोलली.

ताई उठून आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा युनिफॉर्म गेला होता, कोपरापर्यंतचे हात साबणाने लाल झाले होते आणि तोंडाला टूथपेस्टचा वास होता. माइकसमोर राहावं तशी ती ताठ उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. पैज हरले, सोमवारी आरवणार. चॉकलेट सोडणार नाही, आधीच सांगते. पण खाईन ते शाळेतच, कागद तिथल्याच कचऱ्यात, आणि घरी आले की आधी हे सगळं, मग चमच्यांना हात.” तिने श्वास घेतला. “आणि पिल्लू, ऊठ तिथून. शुक्रवारी लांब मी बसणार. आईच्या शेजारची ती खुर्ची आजपासून माझी.”