चालतं टेकाड

आठ महिने पिंपावर काच ठेवून, त्याभोवती फिरत शिंपीकाकांनी दुर्बिणीचा आरसा घासला, आणि आकाशनिरीक्षण क्लबातल्या विज्ञानाच्या बाई तपासणीच्या यंत्रातून बघून म्हणाल्या, “काका, काचेवर टेकाड आहे. परवा डावीकडे होतं, आज उजवीकडे!” काकांनी विचारलं, “काचेवरचं टेकाड चालतं होय?” ते पुन्हा घासायला बाह्या सरसावणार, तोच बाईंनी अडवलं. “थांबा, चांगला आरसा बिघडवून बसाल! तपासायला आरसा स्टँडवर ठेवताना काय करता?” काका ओशाळले. “अंगठा टेकवतो जरासा. लेक घराबाहेर पडताना तिच्या कपाळावर टेकवायचो, तसा. आता लांब असते.” बाई हसल्या. “अहो, ही तुमच्या अंगठ्याची ऊब! काच तेवढ्यानंही फुगते.” काकांनी यंत्राला डोळा लावला. टेकाड हळूहळू विरलं. आरसा वाचला. काका मात्र आरशाकडे गेले, पुन्हा अंगठा टेकवून लगबगीनं यंत्राशी परतले. उगवलेलं टेकाड बघत म्हणाले, “बाई, ही ऊब कपाळावर किती वेळ टिकत असेल हो?”