बसून केलेलं भाषण

सावाई बेटावरच्या त्या लग्नात मुलीकडून बोलायला म्हातारा पेनिआमिना मैदानात उभा राहिला. तिथल्या रीतीप्रमाणे दोन्ही पक्षांचे वक्ते उभ्यानेच बोलायचे आणि एकमेकांची भाषणं खोडून काढायचे. गावाचा वक्ता म्हणून तो आयुष्यभर असाच अनवाणी, काठी रोवून बोलत आला होता. पण मधुमेहाने तळव्यांची जाण गेली होती. पायाखाली गवत आहे हे त्याला बघूनच कळायचं. आज गडबडीत त्याने इन्सुलिन टोचलं आणि न्याहारी राहिली. नवरीची वंशावळ सांगता सांगता तो तिच्या आजोबांपाशी आला आणि अडला. आजोबा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, पण नाव काही केल्या आठवेना. घाम फुटला, तोल जाऊ लागला. "रात्रीची उतरली नाही वाटतं!" मागून कोणीतरी खिदळलं. तेवढ्यात वरपक्षाचा वक्ता फालेनिको उठला. हा जन्माचा वैरी. आता चारचौघांत लाज काढणार, असं पेनिआमिनाला वाटलं. फालेनिकोने जवळ येऊन त्याचा दंड धरला आणि गोड कोकोचा पेला त्याच्या तोंडाला लावला. "पी मुकाट्याने. साखर उतरलीय तुझी. माझंही होतं असं," तो पुटपुटला. मग लोकांकडे वळून गरजला, "आज आम्ही दोघं बसून भांडणार! कोणाची हरकत?" दोघे गवतावर बसले. हळूहळू डोकं ताळ्यावर आलं, भावाचं नाव आठवलं, आणि पेनिआमिनाने भाषण पुरं केलं. मग फालेनिकोची पाळी आली. त्याने जराही दयामाया न दाखवता त्या भाषणाच्या अशा चिंध्या केल्या, की पेनिआमिनाचा जीव भांड्यात पडला.