मिठाच्या बरणीतली जादू

"बंडल आहे पुस्तक," जुनेद म्हणाला. "नायिकेची जादू कुठे लपवलीय, ते शेवटपर्यंत कळतच नाही."

"आणि शेवटी ती एकदम उगवते!" चिन्मयीने री ओढली.

कादंबरी मीच सुचवली होती. वाचनालयातली एकुलती एक प्रत आम्ही पाळीपाळीने वाचली होती, आणि मतं विरोधात गेली तर दुसरा भाग मागवणार नाही, असं ग्रंथपाल परुळेकरकाकांनी बजावलं होतं. असल्या जादूबिदूच्या पुस्तकांना आपण हातही लावत नाही, हे ते अभिमानाने सांगत.

तेच काका ताडकन उठले. "न कळायला काय झालं? मावशी ती मिठाच्या बरणीत लपवते ना! मला तर तिथे रडूच आलं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मिठाची बरणी आमच्यापैकी कुणीच वाचली नव्हती.

काकांनी पुस्तक चाळलं. मधली दोन पानं बेमालूम चिकटलेली होती. चिन्मयीने वाकून वास घेतला.

"फणस!"

"घरी गरे काढताना वाचत होतो," काका लाजत पुटपुटले. "चीक राहिला असेल बोटांना."

मग खोबरेल तेलाचं बोट फिरवून त्यांनीच ती पानं अलगद सोडवली. आम्ही डोक्याला डोकं लावून वाचली. जुनेद तर खिडकीकडे तोंड करून नाक ओढत होता.

"आता दुसरा भाग?" मी विचारलं.

"मागवतो. पण पहिला नंबर माझा."

"चालेल, काका," चिन्मयी म्हणाली. "फणस संपल्यावर मागवा."