फॅक्स की इंटरनेट

“फॅक्स घ्या. कागद हातात येतो, फाइलला लावता येतो,” रंगनाथ म्हणाले. ते मंडळाचे खजिनदार. जे फाइलला लागत नाही, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

चिटणीस शैलानं आधी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “आणि समोरच्याकडे फॅक्स नसेल तर? त्याच्या घरी जाऊन फाइल दाखवायची?”

खडकीच्या त्या खोलीत मंडळाची सभा भरली होती. या वर्षी दोन्हींपैकी एकच घेणं परवडणार होतं. शैलानं सगळ्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे इंटरनेटला ही एक संध्याकाळ मिळाली. आज लागलं तर इंटरनेट, नाहीतर फॅक्स.

पहिल्या खुर्चीत द्वारकाबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या. त्यांची प्रियदर्शनी दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेली. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं म्हणजे पत्रं. आज ती तिकडे कॉम्प्युटरपुढे बसून वाट पाहणार होती. द्वारकाबाईंना सकाळपासून अन्न गोड लागलं नव्हतं.

दारावरचा दिवा लुकलुकला, तसा मंडळाचा शिपाई पोपट दार उघडायला धावला. शैलाचा भाऊ अभय मॉडेम घेऊन आला होता. हडपसरच्या एका कंपनीत तो इंजिनिअर होता. कुणा देणगीदारानं दिलेल्या फोनवरचा विणलेला रुमाल त्यानं काढला, फोनची वायर मॉडेमला जोडली आणि मॉडेम मंडळाच्या कॉम्प्युटरला.

नेमकी लाइट गेली. रंगनाथांचं बोलणं अर्ध्यावरच तुटलं. अंधारात सगळे गप्प बसून राहिले. लाइट आली आणि सगळे एकदम बोलायला लागले.

रंगनाथांनी टेबलावर थाप मारली. टेबल हादरलं तसे सगळे त्यांच्याकडे वळले.

“आता एकदाच लावून बघा. नाही लागलं तर फॅक्स.”

अभयनं नंबर लावला आणि दोन्ही कान झाकून घेतले. मॉडेमचे दिवे उघडझाप करू लागले. द्वारकाबाईंनी शैलाचा दंड घट्ट धरला. दिवे स्थिर झाले. थोड्या वेळानं पडद्यावर इंग्रजी अक्षरांतलं मराठी उमटलं.

“आई, आहेस का?”

द्वारकाबाईंनी एका बोटानं अक्षरं शोधली. “आहे. जेवलीस का?”

उत्तर लगेच आलं. “अगं, इथे आत्ता सकाळ आहे! इथल्या मैत्रिणी रोज फोनवर आईशी बोलतात. आज मीपण बोलले.”

सगळ्यांचे हात वर गेले, पंजे आनंदानं हलू लागले. द्वारकाबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. लेकीला आता काय काय विचारू, असं त्यांना झालं होतं.

“घ्या तुमचं इंटरनेट,” रंगनाथ म्हणाले. मग त्यांनी अभयच्या खांद्याला हात लावला. “पण काय रे, मघाशी तू कान का झाकलेस?”

अभयनं सगळ्यांना दिसतील असे हात वर धरले आणि बोटांनी सांगितलं, “केवढं किंचाळतं ते मॉडेम!”

सगळ्यांनी नवलानं एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकालाही जन्मात कधी काही ऐकू आलं नव्हतं.